‘मुंबईचा जावई’ ते ‘सोफ हाओलाम स्मोला’: पैशाची ओढाताण आणि तरुणांचे प्रेम



आपल्या ज्ञातीतल्या कोणत्याही समारंभात, जेवणे झाली आणि खुर्च्या जवळ ओढल्या गेल्या की एक वाक्य हमखास कानावर येते: ‘आमच्याकडे काही नव्हते, पण प्रेम होते.’ जवळपास एखादे नातवंड बसलेले असेल तर हे वाक्य जरा मोठ्याने म्हटले जाते. नातू तिशीला आला तरी लग्नाचे नाव काढत नाही, नात आपल्या खावेरबरोबर भाड्याच्या खोलीत राहते, म्हणून त्यांना ऐकू जावे हा हेतू. हे वाक्य खरे किती आणि आठवणीने गोड केलेले किती, याचा विचार करावा असे आमच्या मनात बरेच दिवस होते. त्यासाठी आम्ही तीन चित्रपट पुन्हा पाहिले. एक मराठी, एक हिंदी, आणि एक इथलाच. तिन्हींमध्ये तरुण माणसे आहेत, एकमेकांची ओढ आहे आणि खिसा रिकामा आहे. तिघांच्या दिग्दर्शकांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण ओळीने पाहिले तर ते एकमेकांना उत्तरे देतात असे वाटते.

राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० सालचा. आपल्यापैकी काहींनी तो मुंबईत थिएटरात पाहिला, काहींनी इथे आल्यावर कॅसेटवर. दोन वर्षांनी बासू चतर्जींनी त्यावरूनच हिंदीत ‘पिया का घर’ केला, जया भादुरी आणि अनिल धवन यांना घेऊन. गोष्ट एवढीच: मुंबईचा नवरा मिळाला म्हणून गावाकडच्या घरी आनंदीआनंद, मुलगी मोठ्या घरातून, अंगणातून उठून चाळीत येते, आणि तिथे सासू, सासरे, दीर, जाऊ, येणारे-जाणारे, पत्ते खेळणारे, सगळे त्या एवढ्याशा जागेत. नव्या जोडप्याचे अंथरूण स्वयंपाकघरात. मध्ये आडोसा नावापुरता. रात्री कोणाला पाणी हवे, कोणाला झोप येत नाही, कोण खोकतो. दोघे शब्द बोलायला जातात आणि पलीकडून आवाज येतो. सिनेमा विनोदी आहे आणि विनोद चांगला आहे. आम्ही तेव्हा पोट धरून हसलो होतो.

हसलो, कारण ते घर आमचेच होते. डोंगरी, उमरखाडी, भायखळा, जेकब सर्कल, जिथे जिथे आपली बिऱ्हाडे होती तिथे दोन खोल्या म्हणजे चांगली परिस्थिती. थोरला भाऊ गॅलरीत झोपायचा, म्हातारे दाराशी, पोरे ओळीने, आणि ज्यांचे लग्न नुकतेच झाले ती दोघे मोरीच्या बाजूला पडद्यामागे. सकाळी गाद्यांची वळकटी झाली की रात्र कोणाची कशी गेली याचा मागमूस उरत नसे. आपल्या धर्मशास्त्राने शब्बाथची रात्र नवरा-बायकोच्या जवळिकीसाठी विशेष मानली आहे. पण डोंगरीतल्या चाळीत त्याच रात्री सगळे घर एकत्र जेवायचे, गायचे आणि एकत्रच झोपायचे. शास्त्राने दिले ते जागेने काढून घेतले. याविषयी कोणी कधी बोलले नाही. बोलायला तरी कुठे जाणार? तिथेही कोणीतरी झोपलेलेच असायचे.

आता या वयात पुन्हा पाहताना आम्हाला त्या चित्रपटात दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एक त्याची गाणी, दुसरी त्याची गोष्ट. गदिमांनी लिहिलेले, सुधीर फडक्यांनी चाल दिलेले आणि आशाबाईंनी गायिलेले ते रुसव्याचे, दुराव्याचे गाणे आठवा. त्यात विचारणारी बाई आहे. नवरा लांब का, हे तीच विचारते. न लाजता, न ओरडता, हक्काने. मराठी संसारातल्या बाईला इतक्या साध्या आवाजात आपली इच्छा सांगता येते, हे आम्हाला आजही मोठे वाटते. पण गोष्ट पुढे काय करते? सून कंटाळते, माहेरचे माणूस तिला न्यायला येते, आणि तेव्हा घरातली सगळी मंडळी एकेक करून म्हणतात, आम्ही दुसरीकडे जातो, तुम्ही दोघे सुखाने राहा. हा चांगुलपणा पाहून तिचे मन विरघळते आणि ती तिथेच राहते. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी. आमच्याही आले.

पण डोळे पुसून विचार केला तर प्रश्न तसाच राहतो. खोली तेवढीच आहे. अंथरूण स्वयंपाकघरातच आहे. बदलले ते एवढेच की आता तिने मागायचे नाही, कारण एवढी माणसे तिच्यावर माया करतात. गाण्यात तिने जे मागितले त्याला गोष्टीने उत्तर दिलेच नाही. मागणे कसे सोडावे ते शिकवले. कुटुंबाची माया खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याच मायेवर आपण सर्व वाढलो. पण माया ही खोलीच्या बदल्यात दिली गेली, आणि हिशेब पूर्ण झाला असे सिनेमाने सांगितले, हे आम्हाला पटत नाही. ‘आमच्याकडे काही नव्हते, पण प्रेम होते’ या वाक्याचा जन्म बहुधा इथेच झाला असावा.

यानंतर भीमसेन यांचा ‘घरौंदा’ पाहावा. १९७७ चा. अमोल पालेकर, झरीना वहाब आणि डॉ. श्रीराम लागू. कथा शंकर शेष यांची, संगीत जयदेव यांचे. भीमसेन हे खरे तर चित्रांच्या कार्टूनपटांतले नाव, पण या एका सिनेमात त्यांनी मुंबईतल्या कारकुनाची जी तडफड पकडली ती फार थोड्यांना जमली. सुदीप आणि छाया एकाच कचेरीत कामाला. तो तीन-चार जणांबरोबर एका खोलीत राहतो. ती भाऊ-भावजयीच्या संसारात अडचण होऊन राहते. दोघांचे लग्न ठरलेले आहे, फक्त ते होण्यासाठी छप्पर पाहिजे. म्हणून ते पै-पै साठवतात, अर्धवट बांधलेल्या इमारतींतून हिंडतात, जिथे भिंतीही नाहीत तिथे हा पलंग, ही खिडकी असे ठरवतात. ज्यांनी पागडीसाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या आहेत त्यांना हे दृश्य समजावून सांगण्याची गरज नाही.

मग बिल्डर पैसे घेऊन पळतो. सुदीपच्या खोलीतला एक सोबती जीव देतो. आणि याच वेळी कचेरीचे मालक मोदी, विधुर, वयाने पुष्कळ मोठे, हृदयविकाराचे रोगी, छायाला मागणी घालतात. इथे सुदीप जे म्हणतो ते मराठी किंवा हिंदी पडद्यावर आम्ही दुसरीकडे ऐकलेले नाही. तो म्हणतो, कर लग्न. म्हातारा फार दिवस जगणार नाही. मग पैसा आपला, घर आपले, आपण दोघे आपले. तो खलनायक नाही. तोच प्रेमळ मुलगा आहे, जो थोड्या वेळापूर्वी नसलेल्या खिडकीला पडदा लावत होता. दारिद्र्याने त्याला आळशी केले नाही, दारुडा केले नाही. त्याने त्याला हिशेबी केले, आणि हिशेबात त्याने तिलाच मांडले.

छाया लग्न करते. आणि मोदी मरत नाहीत. तिच्या देखभालीने ते सुधारतात. लागूंचे काम असे आहे की या माणसाचा राग करावा म्हटले तरी करता येत नाही. त्या कामासाठी त्यांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. छायाला स्वतःचे घर मिळते, दार मिळते, आणि हळूहळू त्या घरातल्या माणसाविषयी आपुलकीही वाटू लागते. सुदीप परत येऊन आपला हिस्सा मागतो तेव्हा ती जात नाही. काही लोक तेव्हा म्हणाले होते की तिने पैशाला निवडले. आम्हाला तसे वाटत नाही. तिला कोणी विचारलेच नव्हते. पहिल्यांदा भावाने नाही, दुसऱ्यांदा प्रियकराने नाही. ज्या घरात तिला माणूस म्हणून वागवले गेले तिथे ती राहिली. सिनेमाचा शेवट थोडा घाईचा आहे, आणि मोदींचा चांगुलपणा लेखकाच्या सोयीचाही आहे. मालक इतका सज्जन नसता तर काय, हा प्रश्न चित्रपट टाळतो. तरीही तिन्हींत आम्ही पहिला नंबर यालाच देऊ. ‘मुंबईचा जावई’ जिथे डोळे पुसून थांबतो तिथून हा पुढे चालतो. जागा नसली की प्रेम नुसते वाट बघत बसत नाही, ते बदलते, माणसाला बदलवते, हे तो सांगतो.

आता आपल्या इथला. अवी नेशर यांचा ‘सोफ हाओलाम स्मोला’, २००४. जगाच्या टोकाला जाऊन डावीकडे वळा, असे त्याचे नाव. त्या वर्षी देशभर गर्दी खेचलेला चित्रपट. नेगेवच्या वाळवंटातले एक छोटे गाव, साठच्या दशकाचा शेवट. मोरोक्कोहून आलेले लोक आधीपासून राहतात, त्यांच्या शेजारी हिंदुस्थानातून कुटुंबे येऊन उतरतात. कामाला एकच ठिकाण, बाटल्यांचा कारखाना, आणि मग त्याच कारखान्यातला संप. कुटुंबाचे आडनाव तळकर. म्हणजे आपलेच. वडील रोजर परमीत सेठींनी केला आहे, आई रेचल कृत्तिका देसाईंनी, आणि मुलगी सारा लिराझ चार्ही यांनी. शेजारची मोरोक्कन मुलगी निकोल, म्हणजे नेता गार्टी.

पडद्यावर आपले आडनाव ऐकून ऊर भरून येतो हे खरे, पण लगेच खटका बसतो. हे तळकर घरात इंग्रजी बोलतात! भांडताना इंग्रजी, जेवताना इंग्रजी, प्रेमाचे दोन शब्दही इंग्रजी. आपले वडील कचेरीत, रेल्वेत, कस्टममध्ये साहेबाची भाषा उत्तम बोलत. काही घरांत ती मिरवलीही जाई, हे मान्य. पण दिमोनाच्या किंवा बीरशेबाच्या शिकूनमध्ये रात्री पगाराचा हिशेब करताना, रुसलेल्या बायकोची समजूत काढताना कोण इंग्रजी बोलत होते? नेशरना हिंदुस्थानी यहुदी म्हणजे साहेबी थाटाचे, चहा-क्रिकेटवाले लोक दाखवायचे होते, म्हणजे मोरोक्कन फ्रेंचसमोर ते शोभून दिसतील. क्रिकेट मात्र खरे आहे. दिमोना, बीरशेबा, अश्दोद इथे आपल्याच माणसांनी या देशात बॅट-बॉल जिवंत ठेवला, त्यामुळे सामन्याचा भाग आम्ही आनंदाने पाहिला. पण भाषा काढून घेतली की माणसाची जवळीकही थोडी काढून घेतली जाते. तळकर नवरा-बायकोत जे दुरावलेपण आहे त्याचे एक कारण दिग्दर्शकाला नकळत हेही असावे.

तरुणांच्या बाबतीत मात्र नेशरची नजर पक्की आहे. त्या गावात सगळ्यांचा पगार एकाच खिडकीतून येतो. संप झाला की एकाच दिवशी सगळ्यांच्या चुली मंद होतात. भिंती पातळ, रस्ते दोन, आणि प्रत्येकाला प्रत्येकाचे ठाऊक. अशा ठिकाणी निकोलला जे हवे आहे ते नुसते पुरुषाचे प्रेम नाही. तिला बाहेर पडायचे आहे. ती आपल्या शिक्षकाच्या नादी लागते, ते त्याच्यासाठी की त्याच्या मागे असलेल्या मोठ्या जगासाठी, हे तिला स्वतःलाही सांगता येणार नाही. सारा हे सर्व पाहते, लिहून ठेवते, आणि बघता बघता तिचेही बालपण संपते. गरीब गावातल्या तरुण मुलीला शरीर ही एकच वस्तू अशी वाटते जी तिच्या स्वतःच्या मालकीची आहे. ही गोष्ट चित्रपट न ओरडता सांगतो. आपल्या ज्येष्ठ वाचकांना काही दृश्ये उघडी वाटतील. आम्हालाही शेजारी नात बसली असताना अवघडल्यासारखे झाले. नात मजेत बघत होती.

रोजर तळकरचे प्रकरणही आम्ही टाळणार नाही. सुटाबुटातला माणूस कारखान्यात बाटल्या हाताळतो, मान खाली घालून घरी येतो, आणि मग शेजारच्या तरुण विधवेच्या, सिमोनच्या, दाराशी जाऊन उभा राहतो. आपल्या ज्ञातीच्या माणसाला असे का दाखवले, असा राग येणे स्वाभाविक आहे. पण आम्हाला तो भाग अपमानाचा वाटला नाही. कामावर किंमत उरली नाही की माणूस कोणाच्या तरी डोळ्यांत ती शोधतो. घरी जी बायको आहे तिने त्याला पूर्वीच्या डौलात पाहिलेले असते. तिच्यासमोर उभे राहणे सर्वांत कठीण जाते. हे सत्य आहे, आणि ते फक्त मोरोक्कन किंवा फक्त हिंदुस्थानी नाही. आमची तक्रार वेगळी आहे. रेचलचे काय? ती गाव बघते, ऊन बघते, नवऱ्याचे जाणे-येणे बघते. तिची इच्छा, तिचे तरुणपण, याला चित्रपटाने फार थोडी जागा दिली. स्वयंपाकघरातल्या त्या सुनेला निदान एक गाणे तरी मिळाले होते.

आणि एक मोठी गोष्ट या चित्रपटात नाहीच. १९६२ साली मुख्य रब्बीनातने बेने इस्रायलांच्या लग्नांबाबत आदेश काढला, की इतर यहुद्यांशी लग्न करायचे असेल तर आई-आजीच्या मागच्या पिढ्यांची चौकशी व्हावी. दोन वर्षे आपली ज्ञाती लढली. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे गावोगावहून येरुशलेमला जाऊन बसली, क्नेसेटला बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदी आहेत असे जाहीर करावे लागले, आणि मग रब्बीनातने आदेशातून आपले नाव काढले. चित्रपटाचा काळ याच्या नंतर चार-पाच वर्षांचा. मोरोक्कन आणि हिंदुस्थानी तरुण शेजारी राहतात, एकमेकांकडे बघतात, आणि त्या जखमेचा उल्लेखही नाही, हे कसे? ज्यांची खुप्पा त्या दोन वर्षांत अडली त्यांच्यापैकी अनेक आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना कारखान्याचा पगारही कमी होता, अमिदारच्या घराचे हप्तेही होते, पण त्यांच्या प्रेमाआड जो आला तो शिक्का मारलेला कागद होता. आपले प्रेम हे आपल्या आजीच्या आजीच्या कागदांवर अवलंबून आहे, हे विशी-बाविशीच्या मुलीला कसे वाटले असेल? नेशर यांनी हे घेतले असते तर चित्रपट दुप्पट खोल झाला असता. आपल्याकडूनही हे कोणी लिहून ठेवलेले थोडेच आहे, म्हणून सगळा दोष त्यांच्यावर टाकता येत नाही.

आता नातवंडांकडे. १४ जुलै २०११ ला तेल अवीवच्या रॉथशिल्ड रस्त्यावर तरुणांनी तंबू ठोकले, घरभाडे परवडत नाही म्हणून. ते तंबू बघून आपल्यातल्या काहींनी नाक मुरडले होते. आम्ही माबाराच्या तंबूत राहिलो, यांना हौस आली! पण तंबूत कोण होते ते पाहिले का? शिकलेली, सैन्यातून सुटलेली, नोकरी करणारी मुले. सुदीप आणि छायाच. दोन पगार एकत्र केल्याशिवाय खोली मिळत नाही, म्हणून ओळख होऊन वर्ष झाले नाही तोच एकत्र राहायला लागतात. आपण म्हणतो, लग्नाआधी हे काय चालले आहे. त्यांच्यातली एक मुलगी आम्हाला म्हणाली, एकत्र राहायला लागलो ते प्रेमामुळे की भाड्यामुळे, हे माझे मलाच कळत नाही, आणि आता वेगळे व्हायचे म्हटले तरी परवडत नाही. हे ऐकून आम्ही गप्प बसलो. चाळीत जोडप्याला एकत्र येता येत नव्हते. इथे काहींना वेगळे होता येत नाही. जागेचीच गोष्ट, उलट्या बाजूने.

म्हणून आमचे म्हणणे असे की हे तीन चित्रपट एकट्याने पाहू नयेत. ‘मुंबईचा जावई’ नातवंडांना मराठी येत नसेल तर ‘पिया का घर’ दाखवा, हिंदी सिनेमाला हिब्रू नाही तरी इंग्रजी अक्षरे खाली येतात. ‘घरौंदा’ मात्र त्यांना आधी दाखवा. आमच्या ओळखीच्या दोन घरांत तो लागला, आणि दोन्हीकडे मुले शेवटपर्यंत बसली. दोन्हीकडे वाद झाला तो एकाच प्रश्नावर: छायाने परत जायला हवे होते का? एका घरात आजी म्हणाली, नाही, मुळीच नाही. आजोबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि आजीला विचारले की उमरखाडीच्या त्या खोलीत तिला कसे वाटत होते. लग्नाला चौपन्न वर्षे झाल्यावर त्यांनी हे पहिल्यांदा विचारले, असे आजीने आम्हाला सांगितले. तिने त्यांना काय उत्तर दिले ते मात्र सांगितले नाही.